खडकवासल्यात पाव किलो: पाण्यातलं पीएफएएस टेस्टिंग नेमकं कसं करायचं

मागे एकदा आमच्या लॅबमध्ये एका सोसायटीचे सेक्रेटरी काका आले, हातात स्टीलची बाटली, त्यात बोअरचं पाणी, म्हणाले मॅडम यात ते फॉरेव्हर केमिकल आहे का तेवढं बघून द्या, संध्याकाळी येतो रिपोर्ट न्यायला. वर जुना रिपोर्टही दाखवला, की बघा फ्लोराईड तर नॉर्मल आहे, मग ते दुसरं पण नसेलच ना? काकांना चहा पाजला, खाली बसवलं आणि अर्धा तास समजावलं. नंतर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण हल्ली एमएस्सी करून आलेली पोरं पण साधारण हेच प्रश्न विचारतात, फक्त इंग्लिशमध्ये.

तर आधी ते फ्लोराईडचं मिटवू. यवतमाळ, चंद्रपूरकडे बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त येतं, दात पिवळे पडतात, हाडं वाकतात, तो दगडातून आलेला साधा आयन, आणि तो मोजायला इलेक्ट्रोड पुरतो. पीएफएएस, म्हणजे काकांचं ते फॉरेव्हर केमिकल, म्हणजे कार्बनची साखळी आणि तिला चिकटून बसलेले फ्लोरीनचे अणू, माणसाने बनवलेले, नॉनस्टिक, डाग न धरणारे कपडे, विमानतळावरचा आग विझवायचा फोम, क्रोम प्लेटिंग असल्या कामांसाठी. तो फ्लोरीन कार्बनला इतका घट्ट धरून बसतो की इलेक्ट्रोडला तो दिसतच नाही. त्यामुळे फ्लोराईड नॉर्मल आलं यावरून पीएफएएसबद्दल शून्य माहिती मिळते.

दुसरी गोष्ट म्हणजे किती कमी शोधायचंय. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीएफएएसना प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम (नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग) प्रति लिटर अशी मर्यादा घातली. हा आकडा डोक्यात बसावा म्हणून मी पोरांना खडकवासल्याचा हिशोब करायला लावते. धरण पूर्ण भरलं की साधारण १.९७ टीएमसी, म्हणजे साडेपाच हजार कोटी लिटरच्या वर पाणी. त्या सगळ्या पाण्यात ४ नॅनोग्रॅम प्रति लिटर व्हायला किती पीएफओए लागेल? २२३ ग्रॅम. पाव किलो चहाची पुडीसुद्धा भरत नाही. आणि आपल्याला ती पुडी एका पाव लिटरच्या बाटलीतून शोधायची आहे, ते पण अशा लॅबमध्ये जिथे पंपाच्या नळ्यांपासून झाकणांच्या आतल्या चकतीपर्यंत सगळीकडे टेफ्लॉन, म्हणजे याच जातीचं नॉनस्टिकवालं प्लास्टिक, भरलेलं आहे. मशीन हल्ली पैसे टाकले की मिळतं. पण मशीनमध्ये दिसलेलं ते पाण्यातलंच होतं, आपल्याच हातचं नव्हतं, हे सिद्ध करणं हेच ९० टक्के काम आहे, आणि पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्याभोवतीच फिरतं.

आधी ठरवा, शोधायचंय काय

पीएफएएस म्हणजे हजारो केमिकल्सचं खानदान, "पीएफएएस टेस्ट" नावाची एकच टेस्ट नसते. पिण्याच्या पाण्यासाठी जगभर ईपीएच्या दोन मेथड चालतात, ५३७.१ मध्ये १८ कंपाऊंड आणि ५३३ मध्ये २५, दोन्ही मिळून २९ होतात कारण बरीच कॉमन आहेत. सांडपाणी, माती, गाळ, मासे असलं काही असेल तर मेथड १६३३, त्यात ४० आहेत, ती जानेवारी २०२४ मध्ये फायनल झाली. मी इथे ५३३ धरूनच बोलणार, कारण छोट्या साखळीची पोरं, म्हणजे पीएफबीए वगैरे, ती नीट पकडते.

पण यादी आंधळेपणाने उचलू नका, जागा बघा. इटलीत व्हिचेंझाजवळ त्रिस्सिनो गावात मितेनी नावाचा कारखाना होता, त्याने भूजल एवढं खराब केलं की साडेतीन लाखांच्या आसपास लोकांचं पाणी अडचणीत आलं, २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली आणि जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री लिलावात विकली जाऊन आपल्या कोकणात, लोटे परशुरामला आली, ही बातमी छापून आल्यापासून चिपळूण-खेडकडून विचारणा वाढली आहे. आता मुद्दा असा की मितेनी जुन्या पीएफओएसोबत पुढे सी६ओ४ नावाचं नव्या पिढीचं कंपाऊंडही बनवायची, आणि ते ५३३ च्या यादीत नाहीच. म्हणजे तिथलं पाणी तुम्ही फक्त मेथडच्या यादीने तपासलं असतं तर ते समोर असूनही दिसलं नसतं. त्यामुळे परिसरात कोणते कारखाने, काय बनतं, जवळ विमानतळ किंवा फायर ट्रेनिंगची जागा आहे का, डंपिंग ग्राउंड आहे का, हे आधी विचारून घ्या आणि मग स्टँडर्ड, म्हणजे तुलनेसाठी लागणारी शुद्ध कंपाऊंड, मागवा. स्टँडर्ड स्वस्त नसतात, नंतर पश्चात्ताप होतो.

बाटली, हात, नळ

काकांची स्टीलची बाटली का परत केली? स्टीलचा दोष नाही, पण तिच्यात आधी काय होतं, झाकणाला आतून काय लावलंय, ती कशाने घासली, मला काहीच माहीत नाही. सॅम्पलला २५० मिलीची पॉलिप्रॉपिलीनची बाटली, झाकण पण पॉलिप्रॉपिलीनचंच, आत टेफ्लॉनची चकती नको. लॅबने दिलेल्या बाटलीत तळाला पांढरे खडे दिसतील, ते अमोनियम ॲसिटेट, लिटरला १ ग्रॅम या हिशोबाने टाकलेलं, महापालिकेच्या पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनला ते क्लोरामाईन करून शांत करतं. लोक ती बाटली "स्वच्छ" करायला नळाखाली खळबळून घेतात आणि ते सगळं मोरीत जातं, तर कृपा करून तसं करू नका.

घेताना हात साबणाने धुवा, मग नायट्राईलचे ग्लोव्हज. सकाळी क्रीम, सनस्क्रीन लावलं असेल तर सॅम्पल दुसऱ्याला घ्यायला सांगा. रेनकोट, वॉटरप्रूफ जॅकेट नको (पावसाळ्यात हे फार जड जातं, छत्री धरायला माणूस लागतो), वॉटरप्रूफ वही नको, चिकटणाऱ्या रंगीत चिठ्ठ्या नकोत, आणि गाडीत बर्गरचे कागद पडलेले असतील तर बाटल्या त्या सीटवर ठेवू नका. ऐकायला सोवळंओवळं वाटतं, माझी आजी असती तर खूश झाली असती, पण ४ नॅनोग्रॅमच्या खेळात सोवळं पाळावंच लागतं. नळाच्या सांध्याला प्लंबर गुंडाळतो ती पांढरी टेप म्हणजे चक्क टेफ्लॉन, त्यामुळे नवीन बसवलेला, टेप लोंबणारा नळ टाळा, शक्यतो जुना आणि वापरातला नळ बघा, जाळी असेल तर काढा, पाच मिनिटं पाणी सोडा, गार आणि एकसारखं लागायला लागलं की बारीक धार करून भरा. वरपर्यंत फसफसून नको, खांद्यापर्यंत बास.

आता सगळ्यात महत्त्वाची बाटली, जी लोक विसरतात. लॅबमधून शुद्ध पाण्याने भरलेली एक बाटली सोबत न्यायची आणि त्या नळाशी उभं राहून ते पाणी दुसऱ्या रिकाम्या, खडेवाल्या बाटलीत ओतायचं, झाकण लावायचं. हा फील्ड ब्लँक. तुमचे हात, तिथली हवा, गाडी, बर्फाचा डबा, या सगळ्याचं पाप त्यात उतरतं. सॅम्पलमध्ये ६ आलं आणि फील्ड ब्लँकमध्ये ५ आलं तर तुम्ही पाणी मोजलेलं नाही, स्वतःला मोजलंय.

बर्फ साधाच घ्या, पिशवीत बांधून, ते निळे जेल पॅक नकोत. पहिल्या ४८ तासांत लॅबला पोचताना तापमान १० डिग्रीच्या खाली, लॅबमध्ये ६ च्या खाली, आणि २८ दिवसांच्या आत एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे पाण्यातून पीएफएएस वेगळं काढणं.

एक्स्ट्रॅक्शन: पाव लिटरचं एक मिली

पाण्यात लिटरला १ नॅनोग्रॅम असेल तर अडीचशे मिलीत पाव नॅनोग्रॅम, ते सगळं एका मिलीत आणलं की २५० पट कॉन्सन्ट्रेट झालं, आता मशीनला दिसेल. त्यासाठी कार्ट्रिज लागतं, आतमध्ये वीक ॲनियन एक्स्चेंज रेझिन, आम्ही वॅक्स म्हणतो, साधारण ५०० मिलिग्रॅमचं. यामागची आयडिया समजून घेतली की पुढच्या सगळ्या स्टेप आपोआप लक्षात राहतात. रेझिनवर अमाईन असतात, पाण्याचा पीएच ६ ते ८ मध्ये असला की त्यांच्यावर पॉझिटिव्ह चार्ज, आणि पीएफएएसच्या डोक्यावर निगेटिव्ह, त्यामुळे ते येऊन बसतात, छोट्या साखळीचे पण, जे नुसत्या पॉलिमरवर टिकत नाहीत आणि पाण्यासोबत वाहून जातात. शेवटी मेथनॉलमध्ये अमोनिया घालून सोडला की अमाईनचा चार्ज जातो आणि सगळे सुटतात. पीएच न बघता बोअरचं पाणी सोडलं आणि रिकव्हरी (होतं त्यातलं किती हाती लागलं ते) पडली म्हणून कार्ट्रिजच्या कंपनीला शिव्या घालणारे मी बघितलेत. खारं बोअर असेल तर अजून एक, क्लोराईड आणि सल्फेट पण निगेटिव्हच, ते गर्दी करून जागा अडवतात, अशा वेळी कमी पाणी घ्या, १०० मिली, आणि आपण किती खालपर्यंत मोजू शकतो ती मर्यादा त्याप्रमाणे वर जाते हे मान्य करा.

बाटली सुरुवातीलाच वजन करून ठेवा किंवा पाण्याच्या पातळीवर खूण करा, व्हॉल्यूम नंतर काढायचंय. आता इथेच सगळ्यात कॉमन चूक होते. माणूस सवयीने बाटलीतलं पाणी मेजरिंग सिलिंडरमध्ये ओततो आणि त्यातलं बरोब्बर २५० मोजून घेतो. तसं अजिबात करायचं नाही! लांब साखळीचे पीएफएएस पाण्यात राहायला नाखूशच असतात, ते बाटलीच्या भिंतीला जाऊन चिकटतात, त्यामुळे बाटलीतलं सगळं पाणी वापरायचं, अर्धं आज अर्धं उद्या चालत नाही, आणि नंतर तीच बाटली मेथनॉलने धुवून ते पण कार्ट्रिजमधूनच न्यायचं.

आयसोटोप स्टँडर्ड थेट बाटलीतच टाका, पाणी हलवायच्या आधी, का ते पुढे येईल. मग कार्ट्रिज १० मिली मेथनॉलने ओलं करा, मग १० मिली फॉस्फेट बफर, पीएच ७, आणि इथून पुढे ते कोरडं पडू द्यायचं नाही. पाणी मिनिटाला ५ मिलीच्या आसपास सोडा. घाईत व्हॅक्यूम वाढवला तर वेळ वाचतो आणि पीएफबीए जातं. पाणी संपलं की अमोनियम ॲसिटेटच्या पाण्याने बाटली आणि कार्ट्रिज धुवा, १ मिली मेथनॉल, पाच मिनिटं हवा ओढून कोरडं करा. मग २ टक्के अमोनियावालं मेथनॉल ५ मिली, आधी रिकाम्या बाटलीत, चारी बाजूंनी भिंतीवर फिरवा, झाकणापर्यंत, मग कार्ट्रिजमधून थेंब थेंब खाली. परत एकदा ५ मिली, तसंच.

ते १० मिली नायट्रोजनखाली ५५-६० डिग्रीला उडवायचं, कोरडं झालं की लगेच काढायचं, फोनवर बोलत बसायचं नाही. मग १ मिली, ८० टक्के मेथनॉल आणि २० टक्के पाणी, व्हॉर्टेक्स करून पॉलिप्रॉपिलीनच्या व्हायलमध्ये. निव्वळ पाण्यात का नाही, तर तेच, भिंतीला चिकटतात. व्हायलच्या झाकणात पण टेफ्लॉन नको, आणि ही टेफ्लॉन नसलेली झाकणं एकदा सुई गेली की परत नीट बंद होत नाहीत, मेथनॉल उडत राहतं, त्यामुळे तीच व्हायल दोन दिवसांनी परत इंजेक्ट करून "आकडा वाढला" म्हणून नाचू नका. व्हॅक्यूम मॅनिफोल्डचे कॉक आणि सुया पण बघा हां, बहुतेक टेफ्लॉनच्याच येतात, त्या बदलून घ्या.

मशीन, आणि आमचा सोमवार

मशीन म्हणजे एलसीएमएसएमएस, ट्रिपल क्वाड, आधी कंपाऊंड वेगळी करतं आणि मग वजनावरून ओळखतं. वेगळी करायला सी१८ कॉलम, एका बाजूला २० मिलिमोलर अमोनियम ॲसिटेटचं पाणी, दुसऱ्या बाजूला मेथनॉल, इलेक्ट्रोस्प्रे निगेटिव्ह मोडमध्ये. पहिला क्वाड एक वजन निवडतो, मधे तोडफोड, तिसरा तुकडा निवडतो. पीएफओए ४१३ वरून ३६९, म्हणजे एक कार्बन डायऑक्साईड गळाला, आणि खात्रीसाठी ४१३ वरून १६९. पीएफओएस ४९९ वरून ८० आणि ९९. पीएफएचएक्सएस ३९९ वरून ८०. पीएफबीएला २१३ वरून १६९ ही एकच जोडी मिळते, त्यामुळे तिथे खात्रीला फक्त रिटेन्शन टाईम, म्हणजे कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ, जरा जपून. जेनएक्स म्हणजे एचएफपीओडीए, हेही एक पीएफएएसच, नाजूक आहे, सोर्समध्येच तुटतं, म्हणून लोक २८५ वरून १६९ बघतात आणि सोर्सचं तापमान कमी ठेवतात. त्याचं स्टँडर्ड ॲसिटोनायट्राईलमध्ये बनवू नका, त्यात ते हळूहळू मरतं, मेथनॉलमध्येच करा, आणि मेथनॉलमध्ये किंचित सोडियम हायड्रॉक्साईड असावं नाहीतर ॲसिडची एस्टर होतात.

आता आमचा सोमवार. एका वर्षी आमच्याकडे दर सोमवारी सकाळचा पहिला ब्लँक घाण यायचा, पीएफओएचा सुंदर पीक, म्हणजे आलेखातला उंचवटा, अगदी पुस्तकात छापावा असा, आणि दुपारपर्यंत कमी कमी होत गायब. मंगळवारी काही नाही. आधी संशय पाण्यावर, मग मेथनॉलच्या बाटलीवर, मग नवीन आलेल्या पोरीवर (बिचारी, तिने शाम्पू पण बदलला होता). तीन आठवडे गेले. मग एक दिवस बसून काहीही इंजेक्ट न करता रन मारले, नुसता ग्रेडियंट (म्हणजे मेथनॉलचं प्रमाण चढवत नेणं), त्याआधी एकदा ५ मिनिटं इक्विलिब्रेट करून (म्हणजे सुरुवातीच्या मिश्रणावर पंप नुसता चालू ठेवून), एकदा १५, एकदा ४०. जेवढा वेळ जास्त, तेवढा पीक मोठा. मग ट्यूब पेटली! सॅम्पलमध्ये, व्हायलमध्ये काही नव्हतंच, शुक्रवार संध्याकाळपासून थांबलेल्या पंपाच्या आणि डिगॅसरच्या टेफ्लॉन भागांतून सॉल्व्हंटमध्ये ते सुटत होतं आणि सोमवारी पंप चालू केला की जास्त पाण्याच्या फेजमध्ये कॉलमच्या तोंडाशी येऊन साचत होतं, ग्रेडियंट चढला की एकदम बाहेर.

उपाय दोन. एक, जिथे जमेल तिथे टेफ्लॉनच्या नळ्या काढून पीक (PEEK, आलेखातला पीक नव्हे) नावाच्या प्लास्टिकच्या किंवा स्टीलच्या टाकायच्या. दुसरा खरा उपाय म्हणजे डिले कॉलम, मिक्सर आणि इंजेक्टरच्या मधे एक छोटा सी१८ कॉलम बसवायचा. पंपाकडून येणारं पीएफओए तिथे अडकतं आणि तुमच्या सॅम्पलच्या पीएफओएपेक्षा उशिरा बाहेर येतं, मग क्रोमॅटोग्राममध्ये दोन पीक दिसतात, आधीचा सॅम्पलचा, नंतरचा मशीनचा. काढून टाकलं नाही, पण वेगळं केलं. ज्याने ही आयडिया पहिल्यांदा लढवली असेल त्याला माझ्याकडून मिसळ. नवीन मशीन घेताना सेल्सवाल्याला पहिला प्रश्न हाच विचारा, पीएफएएस किट बसवून देणार का, आणि बसवल्यावर माझ्यासमोर ४० मिनिटं इक्विलिब्रेट करून ब्लँक मारून दाखवा.

बॅचमध्ये लॅब ब्लँक, म्हणजे लॅबमधलंच शुद्ध पाणी सॅम्पलसारखं चालवलेलं, असतोच, आणि तो तुमच्या रिपोर्टिंग लिमिटच्या (ज्याखालचा आकडा आपण देत नाही ती मर्यादा) एक तृतीयांशाच्या खाली यायला हवा, नाही आला तर त्या कंपाऊंडसाठी ती बॅच बाद. ब्लँक वजा करून आकडा देऊ नका. हे करणारे आहेत, आणि त्यांचे रिपोर्ट फार सुबक दिसतात.

आकडा काढताना

बाटलीतच आयसोटोप का टाकला? समजा कार्बन-१३ वालं पीएफओए १० नॅनोग्रॅम टाकलं, केमिकली ते अगदी सख्ख्या जुळ्या भावासारखं, फक्त वजनाने थोडं जड, मशीनला वेगळं दिसतं. शेवटी साध्या पीएफओएच्या पीकचा एरिया १२,४०० आणि जड भावाचा ६२,००० आला, तर गुणोत्तर ०.२, रिस्पॉन्स सारखा धरला तर २ नॅनोग्रॅम, २५० मिलीत, म्हणजे लिटरला ८. आता एक्स्ट्रॅक्शनमध्ये ४० टक्के सांडलं असं धरा, तर दोन्ही भाऊ ४० टक्क्यांनी घटले, गुणोत्तर ०.२ च. हीच गंमत आहे. पण याचा अर्थ कसंही काम केलं तरी चालतं असा नाही, आयसोटोपची रिकव्हरी ५० ते २०० टक्क्यांच्या बाहेर गेली की तो आकडा धरायचा नाही.

पीएफओएसच्या पीकला पुढे एक कुबड दिसतं. नवीन पोरं ते कापून फक्त मुख्य टोक इंटिग्रेट करतात. ते कुबड म्हणजे फांद्या असलेले आयसोमर (तेच अणू, फक्त साखळी सरळ नाही), ते पण पीएफओएसच आहेत, दोन्ही मिळून एरिया घ्यायचा. उलट त्यात माहिती असते, जुन्या इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीने बनवलेल्या मालात ढोबळमानाने ७० टक्के सरळ आणि ३० टक्के फांद्यावाले येतात, टेलोमरवाल्या पद्धतीने बनवलेल्या पीएफओएसारख्या मालात जवळपास सगळे सरळच, त्यामुळे कुबड बघून माल कुठल्या घराण्यातला याचा अंदाज येतो.

अजून दोन खड्डे. स्टँडर्डच्या सर्टिफिकेटवर वजन मिठाचं आहे की ॲसिडचं ते बघा, पीएफओएस पोटॅशियम सॉल्ट म्हणून येतं, सुधारणा केली नाही तर सरळ ७ टक्के चूक, दर वेळी, एकाच दिशेने. आणि मासे किंवा अंडी करत असाल तर पित्तातलं टॉरोडीऑक्सिकोलिक ॲसिड ४९९ वरून ८० या जोडीत घुसतं आणि पीएफओएस असल्याचं सोंग आणतं, तिथे ९९ ची जोडी आणि दोघांचं गुणोत्तर बघितल्याशिवाय सही करू नका.

यादीत नसलेलं कसं पकडायचं

टार्गेट मेथड म्हणजे लग्नात यादी घेऊन दारात उभं राहणं, यादीतले आले की टिक, बाकीचे मागच्या दाराने जेवून गेले तरी कळत नाही. त्यासाठी तीन वाटा. पाणी ॲक्टिव्हेटेड कार्बनवरून नेऊन तो कार्बन हजार डिग्रीच्या आसपास जाळायचा, निघालेला फ्लोराईड आयन क्रोमॅटोग्राफीवर मोजायचा, ही ईपीएची १६२१. नाव नाही सांगत, एकूण ऑरगॅनिक फ्लोरीन सांगते, मायक्रोग्रॅमच्या पातळीवर, त्यामुळे घाण सांडपाण्याला बरी, पिण्याच्या पाण्याला जाड. आणि कार्बन नीट धुतला नाही तर आपल्या यवतमाळचं फ्लोराईडच पीएफएएस म्हणून रिपोर्टला येईल. दुसरी "टॉप असे" (TOP assay) नावाची टेस्ट, २०१२ मध्ये हौट्झ आणि सेडलॅक यांनी मांडलेली, सॅम्पल परसल्फेट आणि अल्कलीसोबत ८५ डिग्रीला सहा तास शिजवायचं, लपलेली मूळ कंपाऊंड तुटून ओळखीच्या ॲसिडमध्ये बदलतात, आधी आणि नंतर मोजलं की फरक म्हणजे लपलेला माल. पीएफओएस त्यात तुटत नाही, तसाच राहतो.

तिसरी म्हणजे हाय रिझोल्यूशन, रेणूचं वजन दशांशापर्यंत अचूक सांगणारी मशीन, ऑर्बिट्रॅप किंवा क्यूटॉफ. फ्लोरीनचं अचूक वजन १८.९९८४, पूर्ण १९ पेक्षा किंचित कमी, त्यामुळे फ्लोरीन ठासून भरलेला रेणू दशांशात ओळखू येतो, आणि एकाच घराण्यातले रेणू ४९.९९६८ च्या, म्हणजे एक कार्बन दोन फ्लोरीनच्या, पायऱ्यांवर ओळीने उभे दिसतात. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात केप फिअर नदीत असंच झालं. ईपीएचे मार्क स्ट्रायनर आणि अँड्र्यू लिंडस्ट्रॉम वगैरे मंडळींनी नदीचं पाणी यादीशिवाय बघितलं, शोधनिबंध २०१५ मध्ये आला, त्यात कुणाच्या यादीत नसलेली इथर असलेली कंपाऊंड निघाली, आणि त्याच नदीचं पाणी पिणाऱ्या विल्मिंग्टन शहराला जेनएक्सचं नाव कळलं ते २०१७ च्या जूनमध्ये, वर्तमानपत्रात छापून आल्यावर.

टीएफए, म्हणजे ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड, याबद्दल हल्ली बरेच विचारतात. ते दोनच कार्बनचं, सी१८ वर थांबतच नाही, सरळ मीठ-बीठ जातं त्या गर्दीत निघून जातं, त्याला वेगळा कॉलम लागतो. आणि शेजारच्या टेबलावर कुणी पेप्टाईडसाठी टीएफए मोबाईल फेजमध्ये वापरत असेल तर तुमचा ब्लँक विसरा.

रिपोर्ट हातात आल्यावर

काकांसारख्या लोकांसाठी हा भाग. रिपोर्टवर "आढळलं नाही" लिहिलं असेल तर लगेच खूश होऊ नका, विचारा किती खालपर्यंत बघितलं. लिमिट ५० नॅनोग्रॅम असेल तर ३० असलेलं पाणी पण "आढळलं नाही" मध्येच बसतं, आणि अमेरिकेची मर्यादा तर ४ ची आहे. युरोपात २० पीएफएएसची बेरीज लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे १०० नॅनोग्रॅम, ही मर्यादा जानेवारी २०२६ पासून लागू. अमेरिकेने मे २०२५ मध्ये जाहीर केलं की पीएफओए-पीएफओएसचे ४ ठेवू पण मुदत २०३१ पर्यंत वाढवू, आणि बाकीच्यांचा फेरविचार करू. आपल्याकडच्या आयएस १०५००:२०१२ च्या पिण्याच्या पाण्याच्या तक्त्यात पीएफएएसची ओळ नाही, त्यामुळे कुणी "आयएस १०५०० प्रमाणे पास" असा रिपोर्ट दिला तर त्यात पीएफएएस बघितलेलंच नसतं. लॅबला एनएबीएलची मान्यता आहे का एवढंच विचारू नका, ती कुठल्या टेस्टसाठी आहे तो स्कोपचा कागद मागा आणि त्यात पीएफएएस, पाणी आणि मेथडचा नंबर आहे का बघा. फील्ड ब्लँकचा आकडा मागा. देत नसतील तर दुसरी लॅब बघा.

आणि सॅम्पल देताना एकाच नळाच्या दोन बाटल्या भरून द्या. एक पूर्ण वापरून संपते, तिच्यातलं काहीच उरत नाही, आकडा जास्त आला आणि कुणी शंका घेतली तर दाखवायला हातात काही राहत नाही. दुसरी आम्ही फ्रीजमध्ये ठेवतो, २८ दिवस. काकांनी शेवटी तसंच केलं, दोन बाटल्या आणि एक ब्लँक, स्वतः ग्लोव्हज घालून, वॉचमनला छत्री धरायला लावून.